किंदळाचा बार

जांबोटीत पाऊस मोजत नाहीत, सोसतात.
म्हणून मी म्हटलं, परड्यात बार करायचा तर पत्र्याचाच करू,
लोखंडावर हात बसलाय माझा,
एकतीस वर्षं उद्यमबागेत लेथवर उभा होतो.
मौनेश बडिगेरनं विडी कानावर ठेवली,
शेडमागं पडलेल्या किंदळाच्या ओंडक्यावर
पेरानं दोनदा ठोकलं
आणि म्हणाला, "मर."

मी दचकलो. सकाळी सकाळी?
मग आठवलं, त्याच्या भाषेत मर म्हणजे लाकूड,
मर म्हणजे झाड,
उभं असलं तरी तेच, आडवं झालं तरी तेच.

दोन महिने चाललं.
गल्लीतले कुंपणावरून वाकून जायचे.
"शेळ्यांस्नी खोपट काय ओ?"
"नव्हे गा, चिरमुऱ्याचं दुकान घालत्यात."
यल्लूनं सगळ्यांना एकच सांगितलं,
"कपाट हाय. पावसात उभं ऱ्हाणारं कपाट."

पाणी लाकडातून येत नाही, मौनेश सांगायचा,
कानडीत मराठी कालवून, सांध्यातून येतं.
एक फळी दुसरीला भेटते तिथं बघायचं.
खिळा एकही नाही. खुंट्या बाभळीच्या.
फळ्यांच्या तोंडांना काजूच्या टरफलाचं तेल, तीन हात;
माझ्या मनगटावर त्यातला एक थेंब पडला,
तो डाग अजून काळा आहे.
पाय चिऱ्यांवर, मातीवर नाहीत.
वरची फळी पुढं अर्धं बोट उतरती,
इतकीच की पाण्याला समजेल, पेल्याला कळणार नाही.
आणि काठाखाली, कुणाला दिसणार नाही अशी
एक खाच, करंगळी बसेल एवढी.
"हे कशाला?"
"नीरु आळशी. काठ धरून धरून आत येतंय.
हितं त्याचं बोट सुटतंय."

पाटीवरून तेवढं अडलं.
भरमाण्णा म्हणाला, मराठीत घाल, परडं आपलं.
पुतण्या म्हणाला, कानडी वर घे, मराठी खाली,
मग कोण येत नाही विचारायला.
मौनेशनं पाटी रंधून टांगली
आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.
ती अजून खिशात आहे. पाटी कोरी.

शेवटच्या दिवशी यल्लूनं नळाची पाइप ओढत आणली.
"शिरा आत दोघंबी. बघू तुमचं कपाट."
झडप लावून आम्ही बसलो, गुडघे छातीशी,
अंधारात, तेलाच्या उग्र वासात.
खानापुरी कौलांवर ती अर्धा तास कोसळली, न थकता,
जणू बरीच वर्षं साठवलेलं होतं.

तेव्हा मौनेश बोलला.
बापानं पिऊन रंधा विकला होता, दोनदा.
दोन्ही वेळा यानंच सोडवून आणला,
तोच हा, दोन महिने माझ्या परड्यात चालला तो.
स्वतः थेंबाला शिवत नाही.
"मग हे कशाला केलंस, बाबा?"
थोडा वेळ नुसती कौलं वाजली.
"तुम्ही बार सांगिटलं.
मी छप्पर केलं, खाली बसाय जागा."

पाइप थांबली. झडप उचलली.
फळ्या कोरड्या, खुंट्या कोरड्या, तो कोरडा.
ओला फक्त माझा डावा खांदा.
वर बघितलं तर बिजागरी:
हौसेनं, जुन्या मालकाच्या लेथवर रविवारी जाऊन
मीच केलेली, झकझकीत, पितळेची.
मौनेश काही बोलला नाही.
खिशातून सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढून
त्यानं माझ्याकडं सरकवला.
आधीच कापून आणलेला होता, मापात.

यल्लूनं बाहेरून फळीवर कोपर टेकलं, गिऱ्हाइकासारखं.
"काय हाय तुमच्यात?"
होता मौनेशचा थर्मास, लिंबू पिळलेला काळा चहा.
तीन पेले भरले, एकही घसरला नाही.
बाटली घरातच राहिली त्या दिवशी,
खऱ्या कपाटात.